नळातली हवा

...नाही, पण यात माझं काय चुकलं, ते तरी सांगा. प्रश्न साधा होता. आपल्याकडे नळाला आठवड्यानं पाणी येतं, आणि पाण्याच्या आधी फुसफुसत हवा येते, तर ती हवा मधले दिवस असते कुठं? एवढंच विचारलं मी बन्सीला. बन्सी म्हणजे माझा मुकुंदवाडीतला शेजारी, भिंतीला भिंत. रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून मी काहीतरी विचारणार आणि तो म्हणणार, "इचार करून सांगतो, सर." तुम्ही म्हणाल, तुम्ही भौतिकशास्त्राचे डॉक्टर, तुम्हाला ठाऊक नाही? तुम्हाला सांगतो, ठाऊक होतं, पण खात्री नव्हती. खात्री तर मला देवळाबाहेर स्वतःच्या चपलांचीही नसते... असो. "उद्या सांगतो, सर," म्हणाला, आणि पहाटे झोपेतच गेला.

दहाव्याला कायगावला, गोदावरीच्या काठी जमलो सगळे. पिंड मांडला, आणि कावळा काही शिवेना. बसलाय समोरच्याच फांदीवर, पण मान फिरवून, माझा प्रबंध तपासणाऱ्या परीक्षकासारखा. बन्सीचा मुलगा गोकुळ हात जोडून म्हणाला, "अण्णा, तुमच्या लेकीचं, मंजुषाचं लग्न थाटात लावतो." कावळा ढिम्म. "अण्णा, गुटखा सोडला." तर कावळा वरच्या फांदीवर गेला, त्यालाही ते पटलं नसावं. ऊन चढलं, पोटात कावळे ओरडायला लागले आणि झाडावरचा गप्प, लोक कुजबुजायला लागले, "कायतरी इच्छा राह्यली बगा." आणि इकडं मला दरदरून घाम, कारण काय राहिलंय ते मलाच ठाऊक ना! शेवटी बोललो. त्याच्या मनात एक प्रश्न अडकलाय, माझा, आणि प्रश्न साधा होता...

बन्सीचा भाऊ अप्पाराव म्हणाला, "मंग सर, उत्तर तुमीच द्या त्याला. जोरात बोला, कमी ऐकायचा तो."

म्हणून मी उभा राहिलो. काय करणार? पंचा गुंडाळलेल्या लोकांसमोर कावळ्याला म्हणालो, "हे बघ बन्सी, नळी रिकामी होते तेव्हा बाहेरची हवा आत शिरते, मग पाण्याचा दाब वाढला की... अर्थात याला दुसरंही एक मत आहे..." दुसऱ्या मताला कावळा उडाला. थेट पलीकडच्या काठाला.

तेव्हा द्वारकाबाई, त्याची बायको, पदर सावरून पुढं आली. "सरका समदे. यांला काय पायजे ते मला ठावं हाय." आणि नदीकडं तोंड करून म्हणाली, "अवो, ऐका. सर आता आपल्या ओट्यावर येनार नायत. मी येऊच देनार नाय. या, जेवून घ्या."

तुम्हाला सांगतो, बाणासारखा आला. शिवणं कसलं, अख्खा भात खाल्ला त्यानं. लोकांनी हात जोडले, बायकांनी डोळे पुसले, आणि गोकुळ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, सर. तुमची चाहूल लागली की अण्णा संडासात जाऊन बसायचे. मग रोज आईच बाहेर काढायची, म्हनायची, वाईट दिसतं."

आता ओटा बंद झाला. घरी बसतो, नळ फुसफुसतो, ऐकतो. फक्त एक डोक्यातून जात नाही, आणि प्रश्न साधा आहे. कावळ्याला नेमकी तेव्हाच भूक लागली, की खरंच...?

पण विचारायचं कुणाला? असलं सगळं मी बन्सीला विचारायचो.