चाळणीशिवाय चाळीस वाट्या

आजी: एकोणीसशे एकाहत्तर. बाहत्तर नाही. तुझा बाप पोटात होता, पाचवा महिना. हे कॅलेंडरनं नाही, माझ्या कमरेनं लक्षात ठेवलंय.

आत्याआजी: बरं वहिनी, एकाहत्तर. पोरगी मोबाइल घेऊन खोळंबलीय, पुढे बोल.

नात: मी ऑर्डर देतेय गं. नवं स्वयंपाकघर आहे माझं. सूप गाळायची चाळणी, बटाटे कुस्करायचा दांडा, बिस्किटांचे साचे. यात आजीला हसण्यासारखं काय आहे?

आजी: घे की, मी नको म्हणत नाही. मला तर असल्या वस्तूंचं कपाटच मिळणार होतं. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात. पण त्या दिवशी त्याला कुलूप होतं.

नात: तू तिथं कशी गेलीस?

आजी: तुझ्या आजोबांचा पाय कारखान्यात यंत्राखाली सापडला आणि काम सुटलं. मग आम्ही दोघं आलो हिच्या खोलीत.

आत्याआजी: एक खोली. मी, माझा नवरा, दोन पोरं, सासूबाई, आणि वर हे दोघं. कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून ठरवून बदलायची.

आजी: ही दवाखान्याच्या धुलाईत कामाला होती. हिनंच बातमी आणली की स्वयंपाकाला बाई हवी आहे, आणि कामाबरोबर मागच्या दोन खोल्या मिळतात. मी जाऊन खिडकीच्या काचेला नाक लावून त्या खोल्या बघून आले. मग मला दुसरं काही दिसेना.

नात: पण पाचव्या महिन्यात कामावर घेत होते?

आत्याआजी: छे. पोटुशी बाई घ्यायची नाही, असा लेखी नियम होता. मी हिला धुलाईतला सगळ्यांत ढगळ एप्रन दिला.

आजी: मेट्रनबाईंनी परीक्षा ठेवली. बाराच्या घंटेला चाळीस रोग्यांचं जेवण. गाळलेलं सूप, कुस्करलेला बटाटा, दोन-दोन बिस्किटं. पोटाची ऑपरेशनं झालेली माणसं होती. सुपात भाजीचा एक धागा दिसला तर वाटी परत येईल, असं बजावलं होतं. आणि जुना आचारी म्हणाला, कपाटाची किल्ली घरी राहिली. घर कुठे विचारलं, तर म्हणाला लांब आहे. त्याला तिथं भाच्याला चिकटवायचं होतं.

नात: मग तू मेट्रनबाईंकडे का नाही गेलीस?

आजी: गाऱ्हाणं सांगून बटाटे कुस्करले जात नाहीत. सलाइनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या मागवल्या, उकळून घेतल्या. एकीनं पीठ लाटलं, दुसरीच्या बुडानं बटाटे रगडले. औषध पाजायच्या पेल्यानं बिस्किटं कापली, ड्रेसिंगच्या कोऱ्या ट्रेमध्ये भाजली. राहिलं गाळायचं. त्यासाठी हिनं उशीचा अभ्रा आणून दिला.

आत्याआजी: मेट्रनबाईंचा स्वतःचा. सगळ्यांत तलम.

आजी: आणि नीळ?

आत्याआजी: त्यांच्या कपड्यांना नीळ घालताना माझा हात जरा सैल सुटायचा. शुभ्र दिसलं की बाई खूश. ती गरम सुपात उतरेल हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

नात: म्हणजे सूप निळं झालं?

आजी: निळं नाही गं. आजारी माणसाच्या नखांसारखं. आचारी दाराला टेकून बघत होता. ही माझ्या कानाशी लागली, बीट उकडून घाल म्हणाली, रंग झाकेल.

आत्याआजी: म्हणाले होते. लपवत नाही. तू त्या खोल्यांत जावंस असं तुझ्यापेक्षा मला जास्त वाटत होतं.

आजी: मी सगळं पातेलं मोरीत ओतलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. भाज्या पुन्हा चिरून चढवल्या. पण गाळायला बिननिळीचं स्वच्छ कापड एकच होतं, माझ्या पिशवीत. बाळाचे लंगोट. नवं मलमल, घरी दोनदा उकळून वाळवलेलं. बसमध्ये शिवायला घेतले होते.

आत्याआजी: मी हिचा हात धरला. म्हटलं, वहिनी, हे बाहेर काढलंस की खोल्या गेल्या.

नात: मग?

आजी: मी म्हटलं, हात सोड, सूप उकळलंय. लंगोटाचे बंद पातेल्याच्या कानांना बांधले. असं घट्ट बसलं की कुठली चाळणी बसेल. एक भरला की दुसरा. चौथा बांधत होते तेव्हा मेट्रनबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी लोंबणारा बंद बोटानं उचलला, मग माझ्या एप्रनकडे बघितलं.

नात: काय म्हणाल्या?

आजी: म्हणाल्या, "हे बाळाला कधी लागणार?" मी सांगितलं, चार महिन्यांनी. त्यांनी पहिली वाटी स्वतः प्यायली. उजेडात धरून बघितली आणि प्यायली. मग आचाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नियम नव्यानं लागणाऱ्या बाईसाठी आहे. या सकाळपासून कामावर आहेत."

आत्याआजी: आचाऱ्याला किल्ली खिशातच सापडली. जेवणं झाल्यावर.

नात: पुढे काय झालं त्याचं?

आजी: माझ्या हाताखाली दोन वर्षं काढली आणि निवृत्त झाला. भाचा रुग्णवाहिका चालवायला लागला. भला माणूस निघाला. मेट्रनबाईंनी नोकरी सोडण्याआधी तो नियम काढायला लावला. मग बहिणीच्या गावी गेल्या, तिथंच वारल्या. तुझे आजोबा दवाखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाले, अठरा वर्षं.

आत्याआजी: आणि मी नीळ सोडून इस्त्रीवर गेले. बाईंनीच पाठवलं.

नात: त्या खोल्यांमध्ये किती वर्षं होतात?

आजी: सत्तावीस.

नात: सोडताना जड गेलं असेल.

आजी: पुढची बाई सामान घेऊन दारात उभी होती, आत यायला संकोचत होती. तिला म्हटलं, ये, नळ डावीकडे फिरव. उजवीकडे फिरवला की गळतो.