सुधारणा आहे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय सुशीलाबाई पारखे, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, नऊ वर्षांच्या सेवेनंतर आपला निरोप घेत असलेले आपले पाळक रेव्हरंड अभय रणपिसे, त्यांच्या पत्नी नम्रताताई, आणि खडकीच्या आपल्या मंडळीतील बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना प्रेमाचा सलाम.

मंडळीची सचिव म्हणून मी पाळकसाहेबांच्या कार्याचा आढावा घ्यावा, असं ठरलं आहे. छपराची दुरुस्ती झाली, रविवारची शाळा वाढली, हे सगळं खरंच आहे. पण साहेबांचं सर्वांत मोठं काम कोणतं, असं स्वतःला विचारलं, तेव्हा मला एकच नाव सुचलं. वैजनाथकाका साळवे.

हसू नका. म्हणजे हसा, पण काका दारातच उभे आहेत, एवढं लक्षात असू द्या.

साहेबांचं इथलं पहिलं प्रवचन झालं, तेव्हा काका त्यांना म्हणाले होते, "आवाज अगदी मागपर्यंत येतो. तीच अडचण आहे." दुसऱ्या कुणी असा माणूस चार हात लांब ठेवला असता. साहेबांनी त्यांना दारावर उभं केलं. स्वागताला! मी घाबरून विचारलं, "साहेब, स्वागताला काका?" तर म्हणाले, "कारखान्याच्या गेटवर जन्म गेलाय त्यांचा. दाराचा अनुभव आपल्यात दुसऱ्या कुणाला आहे?"

अनुभव होता, यात शंका नाही. उपासनेला उशिरा येणाऱ्यांना काका सांगायचे, "प्रार्थना झाली, प्रवचन झालं. आता फक्त सूचना मिळतील. चालेल?" मी तक्रार घेऊन गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "'चालेल?' असं विचारलं ना? पूर्वी विचारत नव्हते. सुधारणा आहे." पुढे काकांबद्दलच्या प्रत्येक तक्रारीला हेच उत्तर मिळालं.

विश्रांतवाडीहून शुभंकर आणि मैत्री हे नवं जोडपं पहिल्यांदा आलं. हेल्मेट हातात घेऊन शुभंकरने नम्रपणे विचारलं, "काका, बसायला जागा आहे का?"

"जागा भरपूर आहे. तेच तर दुखणं आहे."

ही मुलं पुन्हा येत नाहीत, असं मी धरूनच चालले होते. मधला एक रविवार चुकवून ती आली, तर काका दारातच कडाडले, "गेल्या रविवारी कुठे होतात?" मी माफी मागायला धावले. मैत्री म्हणाली, "अहो ताई, राहू द्या. आमच्या सोसायटीत आम्ही महिनाभर दिसलो नाही तरी कुणी विचारत नाही." ती दोघं आज तिसऱ्या रांगेत बसली आहेत. वेळेवर आली आहेत, हेही सांगायला हवं.

पण सगळेच मैत्रीसारखे नसतात. काही घरं दुखावली, काही यायची थांबली. त्यांचं दुःख मला खोटं म्हणता येणार नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "साहेब, हे कधीच सुधारले नाहीत तर?" साहेब म्हणाले, "शर्मिलाताई, देवाने माझ्याबाबत अजून धीर सोडलेला नाही. मी यांच्याबाबत कसा सोडू?" स्वयंपाकघरातून नम्रताताईंचा आवाज आला, "माझा सुटत आलाय हं. दोघांच्याही बाबत!"

आता जे सांगायचं ते व्यासपीठावरून सांगावं की नाही, याचा निर्णय इथे उभी राहीपर्यंत मला करता आला नव्हता. आपल्या पंच कमिटीने ठराव केला आहे की नव्या पाळकांबरोबर दारावरही नवा माणूस यावा. ते काकांना आज सांगायचं काम माझ्याकडे आलं. मघाशी मी मनाची तयारी करून दारापाशी गेले. "काका, जरा बोलायचं होतं."

"दाराचं ना? कळलंय मला. कार्यक्रमानंतर सांगा. आत्ता लोक येतायत."

आणि मागून येणाऱ्या पाहुण्यांकडे वळून ते म्हणाले, "या. पुढे बसा. पंखा आहे तिथे."

पंखा आहे तिथे! नऊ वर्षांत हे वाक्य कुणी ऐकलंय? आणि तेही दार जाणार, हे माहीत असताना.

म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी कमिटीला विनंती करते की हा ठराव मागे घ्यावा. सुशीलाबाई मान हलवताहेत. विषयपत्रिकेत हे नाही, असंही पुटपुटताहेत. तरी ती मान होकाराची आहे, असं मी धरून चालते. अशी आशा धरायला मी साहेबांकडूनच शिकले.

काय म्हणालात, काका? "आटपा, चहा निवतोय"?

साहेब, आपण हसताय. आपण काय म्हणणार आहात ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

साहेब, नम्रताताई, आपण आम्हाला फार दिलंत, मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्यावं. ज्यांना तक्रारच करायची असेल, त्यांनी दाराशी भेटावं. काका तिथेच असतील. येत्या रविवारीही.