आल्याच्या चहात भिजवलेली जाळी

मी मूळची कागलकडची. आमच्याकडं बायका बी आलो-गेलो असंच म्हणतात, तवा लिहिताना हसू नका ताई, जसं बोलतो तसंच लिहा. माझे वडील तालमीत आखाडा राखायचे, म्हणजे माती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद मुरवायची, रोज खणून मऊ करायची. स्वतः कधी कुस्ती खेळले न्हाईत, पर जत्रेत मैदान मारलेला पैलवान आधी मातीला हात लावायचा आन् मग माझ्या वडलांच्या पायाला. माती राखणाऱ्याचा मान हुता तो. हे ध्यानात ठेवा, पुढं लागंल.

लग्न झालं, मालक ट्रकचे मेकॅनिक, कॅनडात रेजिनापासून तासाभरावर ह्या गावात त्यास्नी काम लागलं, मागनं आम्ही मायलेकी आलो. अश्विनी तवा नववीत. मला हायस्कुलात केअरटेकरचं काम मिळालं, वॉशरूम धुवायच्या, दारापुढचा बर्फ शोव्हल करायचा, आन् जिमची फरशी पुसायची. लाकडी फरशी हो, आरशासारखी. ती पुसताना वडलांची आठवण यायची, कारण काय सांगू तुम्हाला, ह्या गावात बास्केटबॉल म्हणजे आमच्याकडची कुस्तीच. शुक्रवारी गेम असली की उणे तीस असू दे न्हाईतर चाळीस, सगळं गाव जिममध्ये. म्हातारी माणसं वॉकर ढकलत येतात, आया चिलीची, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याची, पातेली आन् बटर टार्ट घेऊन येतात, आन् पहिल्या बाकावर ब्लँकेट पांघरून बसलेले आजोबा, ते बी कधीकाळी ह्याच फरशीवर खेळलेले. मला लई आवडायचं. खोटं कशाला बोलू.

अश्विनी टीममध्ये हुती, पर तीन वर्षं बाकावरच. कोच आपला पाच पोरींचा, बाकीच्या चौघी पाण्याच्या बाटल्या भरायला. खेळात असतं तसं. मी चिडलो ते सिनियर नाईटला.

सिनियर नाईट म्हणजे बारावीच्या पोरींची घरच्या मैदानावरची शेवटची लीगची गेम. गेमच्या आधी एकेकीचं नाव पुकारतात, पोरगी आईबापाचा हात धरून मधल्या गोलापर्यंत चालत जाते, आईला एक फूल देते, सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवतं. मालक कामाला अल्बर्टात गेलेले, म्हणून मी एकटीच. ड्यूटी बदलून घेतली, हिरवी इरकल नेसलो, नथ घातली. रांगेत उभी हुतो, अश्विनीचा हात माझ्या हातात, आन् कोच आला. दारात कुणीतरी पॉप, म्हणजे आपलं कोल्ड्रिंक, सांडलंय, म्हणाला, जरा पुसून घेतेस का, कुणी घसरायचं. म्हटलं, कोच, आज ड्यूटी न्हाई माझी. तर हसला, म्हणाला, दोनच मिनिटं, तू इथंच काम करतेस ना. आन् मी गेलो ताई! माझी मलाच चीड येते, मी गेलो. इरकलचा पदर खोचून ते चिकट पाणी पुसत हुतो आन् माइकवर नाव ऐकलं, अश्विनी. मान वर करून बघतो तर लेक एकटी चालत निघालेली, हातात फूल, ते द्यायला कुणी न्हाई. घरी येताना गाडीत म्हणाली, मम्मी, इट्स फाइन. ते फाइन माझ्या काळजात अजून रुतलंय. तवाच मी त्या माणसावर डूख धरला.

पुढच्याच आठवड्यात आमच्याच जिममध्ये शाळेची टुर्नामेंट, दर हिवाळ्यातली. फायनलला दोघी फाऊल होऊन बाहेर, तिसरीचा पाय मुरगळला, तवा कोचनं नाइलाजानं बाकाकडं बघितलं. अश्विनीनं एक बी पॉईंट केला न्हाई, पर समोरची ती ताडमाड पोरगी, तिला शेवटची चार मिनिटं हलू दिलं न्हाई. दोनदा धाडकन पडली, दोनदा उठली. जिंकलो आम्ही, एका पॉईंटनं. लई वर्षांनी जिंकलं हुतं गाव, अनोळखी माणसं गळ्यात पडून रडली.

आता इथली रीत अशी, की टुर्नामेंट जिंकली की सोमवारी सगळ्या शाळेपुढं रिंगची जाळी उतरवायची. टीममधली एकेक पोरगी शिडी चढून एकेक धागा कापून घेते, उरलेली जाळी कोच गळ्यात घालतो, मग ती काचेच्या कपाटात. शनिवारीच कोच मला म्हणाला, सोमवारी शिडी आण, पाच मेन पोरी आन् मी, बेल व्हायच्या आत उरकायचं. म्हटलं, आन् बाकावरच्या? म्हणाला, वेळ न्हाई गं. मी म्हटलं, ओके कोच.

रविवारी साफसफाईला मी एकटीच. शिडी लावली आन् हुकातनं ती जाळी अलगद काढून पिशवीत घातली. स्टोअरमधनं नवी काढली, पर ती पांढरीफेक! मग मॉपच्या बादलीत चहा केला, घरचीच पावडर, आल्याची, त्यात बुडवून ठेवली, हीटरवर वाळवली. वाटावी वीस वर्षं जुनी. चढवली आन् आलो घरी.

सोमवारी शिडी मीच धरली. कोच वर चढला तवा मनात आलं, हलवावी का? न्हाई हलवली. त्यानं ती जाळी गळ्यात घातली, वास घेतला आन् माइकवर म्हणाला, हा विजयाचा वास! सगळी शाळा ओरडली. मी बी टाळ्या वाजवल्या.

अश्विनीला खरी जाळी दाखवली तर भडकली, मम्मी, यू स्टोल इट? दोन दिवस बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी बाकावरच्या तिघींना घेऊन आली. माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून चौघींनी एकेक धागा कापला, हसल्या, रडल्या, पोहे खाल्ले. उरलेली जाळी खालनं गाठ मारून मी टेबलाच्या वर छताला टांगली, कांदे ठेवायला.

पुढच्या हिवाळ्यात बर्फावर पडून माझं मनगट मोडलं. गाव चांगलं हो, रोज कुणी ना कुणी जेवण घेऊन यायचं. एक दिवस कोच आला, बायकोनं केलेला बटाटा-चीजचा ट्रे घेऊन. बसला कुठं, तर बरोबर त्या कांद्यांच्या खाली. वर बघून म्हणाला, किती छान, इंडियाचं का? मी त्याच्या डोळ्यात बघून मराठीत सांगितलं, न्हाई, माझ्या लेकीनं जिंकलंय. त्यानं मान डोलावली, ब्यूटिफुल म्हणाला. ट्रे आम्ही चाटून पुसून खाल्ला. माफ मात्र केलं न्हाई.

आता अश्विनी रेजिनाला नर्सिंग शिकते. फोनवर म्हणते, मम्मी, लेट इट गो. न्हाई सोडत. माझा बाप माती राखायचा, मी फरशी राखतो. काचेचं कपाट रोज मीच पुसतो, आत चहाची जाळी, मला बघूनच तरतरी येते. आन् दर सिनियर नाईटला नावं पुकारायच्या आधी मॉपच्या कपाटाला कुलूप लावतो, चावी कमरेला खोचतो, इरकल नेसून पहिल्या बाकावर बसतो. गेल्या साली परत कुणीतरी पॉप सांडलं. कोचनं माझ्याकडं बघितलं. मी त्याला कागदाचा रोल दाखवला. टाय घातलेला माणूस, गुडघ्यावर बसून पुसत हुता, आन् पोरी आपापल्या आयांचा हात धरून त्याच्यापुढनं चालत गेल्या. देव त्याला उदंड आयुष्य देवो, आन् गुडघे बी शाबूत ठेवो. अजून लई सिनियर नाईट व्हायच्यात.