रोज सकाळचा चिनी अवलेह

न्युरेम्बर्गमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक सून आणि तिचे सासरे बसले होते. सासऱ्यांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती.

“बाबा, त्या चिनी अवलेहानं शुगर उतरली, असं तुम्हीच सांगत होतात ना?”

“सांगत होतो. उतरली नव्हती.”

“मग मशीनवरचे आकडे?”

“मनानेच सांगायचो.”

“चिनी औषधं देणाऱ्या मिसेस लिननं तो बिनसाखरेचा करून दिला, तेव्हा बजावलं होतं, डॉक्टरांना दाखवत राहा म्हणून. मी तुम्हाला सांगितलंही होतं.”

“सांगितलं होतंस. तुझी चूक नाही, ऊर्मिला.”

“मग गुण येतोय असं का म्हणालात?”

“नाही म्हटलं असतं, तर तू तो बंद केला असतास. सकाळी कोमट पाण्यात कालवून द्यायचीस, मी संपवेपर्यंत जवळ बसायचीस. नंतर दिवसभर घरात कोणी नसायचं.”

“मी नुसतीही बसले असते, बाबा.”

“तुला ऑफिसची ट्राम गाठायची असायची. कसं सांगणार?”

नर्सनं आतून सासऱ्यांना जर्मनमध्ये हाक मारली, “हेर राजवाडे.”

“चला. पुढे पायरी आहे. दिसते ना?”

“हो, दिसते.”

“बाबा, खरं सांगा.”

“हात दे.”