पाण्याखालचा माझा दगड

...आणि वर मलाच विचारते, "ताई, तू का गं नाही लोळत वाळूत?" आता तुम्हीच सांगा, कढईतले माशाचे वडे सोडून मी लोळायला जाऊ? वडे काय स्वतःहून उलटतात? मी जळत नाही हां, नुसतं सांगते.

अर्लीन, माझी धाकटी बहीण. टोरांटोला असते. दर जानेवारीत तीन आठवडे बार्बाडोसला येते आणि बरोब्बर माझ्या टपरीसमोर आडवी होते. अख्खा किनारा मोकळा पडलाय, पण नाही. तिथूनच हात वर करते, "ताई, दोन वडे, पावात घाल, मिरची जास्त," आणि पुन्हा डोळे मिटते. इकडे मी धुरात, समुद्राकडे पाठ... बरं, तेही सोडून दिलं. पण दगड?

तुम्हाला म्हणून सांगते, आमचं सकाळी सहाचं समुद्रस्नान म्हणजे देवळात जाण्यासारखं. जन्म बेटावर गेला पण आमच्यात पोहता कुणाला येत नाही. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचं, डोक्यावर टोपी घालायची आणि गावाची उणीदुणी काढायची. प्रत्येकाची जागा ठरलेली. मी ठेंगणी, म्हणून माझ्या पायाखाली एक सपाट दगड आहे, सतरा वर्षं माझा. त्यावर उभी राहिले की मान बरोब्बर मिस्टर कथबर्टच्या खांद्याशी येते. पोस्टातून निवृत्त झालेले, बायको जाऊन चार वर्षं झाली, आवाज असा गोड... असो. दगडाबद्दल बोलतेय मी.

यंदा पहिल्याच सकाळी बघते तर दगडावर अर्लीन! पावणेसहा फूट उंच बाई, तिला दगड कशाला? तर म्हणते, "ताई, पायाला वाळू टोचते गं." वाळू टोचते! लहानपणी याच वाळूत अनवाणी हुंदडलीये ती. मग मी कुठे? मागे, कमरेएवढ्या पाण्यात. तिथून नुसतं हसणं ऐकू येतं, कशाला हसतात ते कळत नाही. "काय झालं? कुणाचं लग्न मोडलं?" मी ओरडते, तर मिस्टर कथबर्ट मान वळवून म्हणतात, "नंतर सांगतो हं." सतरा वर्षांत मला कधी 'नंतर' ऐकावं लागलं नव्हतं. मी जळत नाही हां, नुसतं सांगते.

शेवटच्या रविवारी मी ठरवलं. साडेपाचलाच जाऊन दगडावर उभी. सगळे जमले, अर्लीन आली, माझ्याकडे बघून गोड हसली आणि... पाठीवर आडवी होऊन तरंगायला लागली! तिकडच्या गरम पाण्याच्या पोहायच्या तलावात शिकली म्हणे. झालं. "अगं मला शिकव, मला शिकव," सगळा घोळका तिच्याभोवती, आणि सगळ्यात पुढे कोण? मिस्टर कथबर्ट, वय एकाहत्तर, पाठीखाली तिचा हात घेऊन, डोळे मिटून, तोंडावर हसू असं की जणू आत्ताच बाप्तिस्मा झालाय. आणि मी? दगडावर, एकटी, टोपी घालून.

परवा गेली एकदाची. काल सकाळी दगड माझा, मान खांद्याशी, सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, "हं, सांगा बातमी." तर मिस्टर कथबर्ट सुस्कारा टाकतात, "अर्लीन असती तर तरंगलो असतो."

आणि दुपारी तिचा फोन. गुडघाभर बर्फ, दारासमोरचा फावड्याने उपसतेय, बोटं बधिर झालीत, नाक वाहतंय, आणि रडत काय म्हणाली? "ताई, रोज सकाळी तुझा तो दगड... मला तुझा इतका हेवा वाटतो गं."

ऐकलंत? लहानपणापासून माझं जे जे होतं ते तिने उचललं, शेवटी तेवढा हेवा माझा स्वतःचा राहिला होता, तोही घेऊन गेली.