वरचे ऐंशी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ बसले होते. बाईंच्या डोळ्यांत नुकतेच थेंब घातले होते, म्हणून त्यांचा मोबाइल भावाच्या हातात होता.

“ताई, बुद्धिबळाच्या ॲपवर तुझं रेटिंग चारशे ऐंशी दिसतंय. सुरुवातीला बाराशे होतं ना?”

“ते ॲपवाल्यांनी आल्या आल्या सगळ्यांनाच दिलेलं. मला तेव्हा घोडा कसा चालतो तेही धड येत नव्हतं.”

“मग?”

“मग काय, ॲप आपल्याच आकड्याचे खेळाडू देतं, म्हणून समोर खरेखुरे बाराशेवाले! सलग तीस डाव हरले. रोज आकडा खाली. एकदा तर रडूच आलं, ॲप काढून टाकणार होते.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू हसला असतास. चारशेला पोचले, तेव्हा कुठे माझ्यासारखे धडपडणारे भेटले. पहिला डाव जिंकले आणि स्वयंपाकघरात एकटीनेच टाळ्या वाजवल्या.”

“अगं, मग नवीन खातं उघडू या की. परत बाराशे मिळतील.”

“आणि हे वरचे ऐंशी? ते मी मिळवलेत. हात लावू नकोस.”