कमोड बसवणाऱ्याची पोरगी

...हसा! हसून घ्या! तुमच्या घरी नाही ना लहान मूल, मग हसणारच तुम्ही! आणि ज्यांच्या घरी आहे ते बघा कसे माना खाली घालून बसलेत... अहो, मी प्लंबर माणूस. जुना संडास फोडून द्या, नवीन कमोड द्या, दुपारच्या जेवणाआधी लेव्हल लावून, जॉइंट भरून, पाणी सोडून दाखवतो, थेंब गळला तर नाव बदलीन! पण तुम्हाला सांगतो, गावभर कमोड बसवत हिंडणाऱ्या या माणसाला त्या कमोडवर घरातली एक पोरगी बसवता येईना!

पोरगी म्हणजे आमची ठकी. वय अडीच, पण अक्कल पेन्शनीत निघालेल्या माणसाची. डायपर सोडायला तयार नाही. आता तुम्ही म्हणाल, सोडेल की हळूहळू, घाई काय? घाई आहे ना! आमच्या हिची नोकरी चष्म्याच्या दुकानात. दुकानाच्या मालकिणीनं सांगितलेलं, "एक तारखेला आलीस तर तू, नाही आलीस तर दुसरी." आणि पाळणाघराच्या बाई म्हणतात, "आम्ही डायपरवालं मूल घेत नाही हं. आधी बसायला शिकवा, मग आणा." म्हणजे बघा, ठकी बसल्याशिवाय पाळणाघर नाही, पाळणाघराशिवाय नोकरी नाही! आणि ही रोज इस्त्रीची साडी कपाटातून काढायची, बघायची आणि परत ठेवायची.

तर माझी धाकटी बहीण, शाळेत मास्तरीण, ती आली पिशवीत पुस्तक घेऊन. "दादा, आता मारून मुटकून शिकवायचे दिवस गेले. चित्रांचं पुस्तक दाखवायचं. मूल बघतं, त्याला पटतं, आणि ते आपणहून बसतं." मी म्हटलं, अगं, पुस्तक वाचून माणूस सायकल शिकत नाही, ही काय शिकणार? तर म्हणते, "तू फक्त वाच. आवाज काढून वाच!"

वाचलं! काय करता? दिवसभर लोकांच्या संडासात डोकं घालायचं आणि घरी येऊन परत तेच वाचायचं! आणि पुस्तक काय होतं सांगतो. हत्तीचं पिल्लू कमोडवर बसतं. अहो, हत्ती! कमोडवर! त्या कमोडच्या ठिकऱ्या होतील, खालची फरशी खचेल, खालच्या मजल्यावरचा माणूस छत्री घेऊन जेवायला बसेल! शिवाय कमोडच्या मागे पाइपच काढलेला नाही. मी म्हटलं, जाणार कुठं ते सगळं? ही आतून ओरडली, "अहो, तुम्ही पोरीला वाचून दाखवताय की काम तपासताय?"

मग वाचलं मुकाट्यानं. 'हत्तीला आली शी, उंदराला आली शी, अस्वलाला आली शी...' एवढ्यात माझी आई स्वयंपाकघरातून आली, चित्र बघितलं आणि पदर नाकाला लावून म्हणाली, "शी! कसली रे ही पुस्तकं!" झालं! ठकी उठली, आजीचा हात धरला, "आजीला शी आली! आजी चल!" आणि ओढत ओढत तिला संडासापर्यंत घेऊन गेली. आई म्हणतेय, "अगं, मला नाही आली, मी नुसतं म्हटलं!" ऐकतंय कोण? बाहेरून ठकीच्या दारावर थापा, "झाली का आजी? झाली का?" आणि माझी आई, जिनं आम्हा भावंडांना पुस्तकाबिस्तकाशिवाय नुसत्या 'शूऽऽ'वर वाढवलं, ती माऊली शेवटी आतून ओरडली, "झाली गं बाई झाली!" ठकीनं टाळ्या वाजवल्या. म्हणजे पुस्तकाचा उपयोग झाला, नाही असं नाही. आई बसायला शिकली.

पोरगी मात्र नाही! पॉट आणला, डोक्यावर टोपी म्हणून घातला. त्यात बाहुली बसवली. बाहुलीला पुस्तक वाचून दाखवलं. आणि स्वतःला आली की पुस्तक काखेत मारून सरळ सोफ्यामागे! तिथून फक्त आवाज, "हत्तीला आलीऽऽ..." आपण धावत जावं तर कार्यक्रम संपन्न!

बरं, एक गोष्ट होती. पॉटवर टेकवली की ती पुस्तकाचं शेवटचं पान उघडायची, त्यावर बोट आपटायची आणि किंचाळायची, "तगळे! तगळे!" आता हे तगळे म्हणजे काय? मी म्हटलं, डगले म्हणत असेल, थंडी वाजत असेल. स्वेटर घातला. आणखी किंचाळली. ही म्हणाली, "आई मी आहे का तुम्ही? बगळे म्हणतेय ती, बगळे!" मी म्हटलं, या पुस्तकात बगळा नाहीये गं. "म्हणूनच रडतेय ना!"

बहिणीला फोन. बहीण बगळ्यांचं पुस्तक घेऊन हजर! सुंदर चित्रं, तळं, कमळं, बगळे एका पायावर उभे... तुम्हाला आलं ना लक्षात? आमच्या नाही आलं! ठकीनं ते पुस्तक मन लावून बघितलं, पॉटशेजारी गेली, एक पाय वर उचलला, आणि डोळे मिटून, ध्यान लावून, उभ्या उभ्या... अहो, माझ्या मोज्यापर्यंत आलं सगळं! गावभर कमोड बसवत हिंडतो, पण घरातली एक पोरगी बसवता येईना, आता तर ती उभीच राहायला लागली!

महिना संपत आला. हिनं साडी कपाटातून काढणं बंद केलं. एक दिवस म्हणाली, "जाऊ दे हो. कळवून टाकते त्यांना, दुसरी बघा म्हणून." एवढंच. मला भांडलेली बायको चालते, अशी शांत झालेली नाही बघवत.

त्याच दिवशी मला एका गिऱ्हाइकासाठी कमोड आणायला जायचं होतं, बाजारातल्या मोठ्या दुकानात. ही म्हणाली, "ठकीला घेऊन जा, माझं डोकं दुखतंय." घेतली. डायपर संपलेले. म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, काय होणार आहे?

काय होणार आहे म्हणे!

दुकानात शिरलो. समोर पायरीएवढाच उंच, लांबच लांब ओटा, त्यावर ओळीनं कमोड मांडलेले. पांढरे, पिवळे, बुटके, उंच. ठकी थबकली. काखेतलं पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं, एकदा पानाकडे बघतेय, एकदा ओट्याकडे. आणि मी पहिल्यांदा ते पान नीट बघितलं हो! वाचायचा कंटाळा म्हणून तिथवर पोचायच्या आधीच मिटायचो ना मी! त्या पानावर हत्ती, उंदीर, अस्वल, सगळे आपापल्या कमोडवर ओळीनं बसलेले आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'सगळे बसले!'

सगळे! तगळे म्हणजे सगळे! अहो, बगळे कसले घेऊन बसलात! पोरगी महिनाभर ओरडतेय की मी एकटी का? सगळे बसा!

तोवर ठकी चढली सर्वांत बुटक्या कमोडवर. चड्डी खाली. "बाबा, बत." बसलो. काय करता? शेजारी एक आजोबा गुडघ्यांना बरी पडेल अशी उंची बघत आधीच बसलेले होते, ते आपोआप हिशेबात आले. ठकीनं ओळ बघितली. मग काउंटरवरच्या दुकानदाराकडे बोट, "तगळे!" दुकानदार म्हणाला, "शी! काहीतरीच काय!"

संपलं! "काकांना शी आली! काका, बता!"

तो म्हणतो, "अहो, उचला तिला!" मी म्हटलं, मालक, पाया पडतो, पण उठून नाही पडता येत, उठलो तर ती पण उठेल. माझ्या बायकोची नोकरी आहे हो तुमच्या बसण्यावर! टेका जरा! शेजारचे आजोबा म्हणाले, "बसा की राव, पोर थांबलंय." आणि तुम्हाला सांगतो, तो सूटबूटवाला माणूस इकडेतिकडे बघत, चेहरा पाडून, टेकला!

आम्ही चौघं ओळीत. काचेबाहेर माणसं थांबायला लागलेली. ठकीनं डोळे मिटले... आणि झाली! अहो, झाली! मी ओरडलो, आजोबांनी टाळ्या वाजवल्या, दुकानदारानंसुद्धा वाजवल्या, आणि वाजवता वाजवता त्याचे हात हवेतच राहिले. "अहो... तो नुसता मांडलेला आहे! खाली पाइप नाही!"

पुस्तकातसुद्धा पाइप नव्हता! मी पहिल्याच दिवशी बोललो होतो की नाही?

तर पोरगी पाळणाघरात लागली. तिथं पॉट ओळीनंच मांडलेले असतात, पोरं ओळीनंच बसतात, एका दिवसात काम झालं. ही साडी नेसून कामावर जाते, रात्री दमून भांडते, सगळं छान आहे. फक्त तो बुटका कमोड दुकानदारानं माझ्याच गळ्यात मारला. वापरलेला माल कोण ठेवणार? मग म्हटलं, आणलाच आहे तर लावू. लावला घरातच, आमच्या कमोडशेजारी.

आता रोज सकाळी आवरून निघायच्या घाईत हाक येते, "बाबा, तगळे!" जावं लागतं. बुटक्यावर ती, उंचावर मी, दारात पाटावर आई, मांडीवर पुस्तक. बाहेर गिऱ्हाइकाचा फोन वाजतोय, "अहो, कुठे आहात? आमचा कमोड कधी बसवताय?" काय सांगू त्याला? बाबा रे, गावभर कमोड मी बसवतो... पण घरातल्या कमोडवर मला पोरगी बसवते, आणि तिची झाल्याशिवाय उठू देत नाही!